फिटच्या गोळ्या, अंगावरचं पुरळ आणि मिरजेतलं एक मेडिकल

मिरजेत मेडिकलच्या दुकानांना तोटा नाही. वानलेस साहेबांनी 1894 मध्ये इथं मिशनचा दवाखाना उभा केला, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरच नव्हे, तर बेळगाव-विजापूरकडचेही पेशंट इथं येतात, आणि दर दवाखान्यासमोर दोन-तीन मेडिकल असतातच. त्यातल्या एका दुकानाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. स्टेशनकडच्या भागात, एका बोळाच्या तोंडाशी ते आहे. नाव देत नाही, कारण मालक काकांनी निक्षून सांगितलंय, "ताई, काय लिहायचं ते लिहा, पण दुकानाचं नाव नको. गर्दी वाढली तर सुनेला बोलायला वेळ उरायचा न्हाई." या दुकानाची सगळी किंमत त्या बोलण्यातच आहे, म्हणून मी ऐकलं. हे वाचून कुणाला आपल्या गावातलं मेडिकल कसं पारखायचं एवढं कळलं तरी लिहिल्याचं सार्थक होईल.

काकांची सून बी.फार्म. आहे. सगळं गिऱ्हाईक तिला वहिनीच म्हणतं. काउंटरला स्वतः ती असते, पोऱ्या नाही. औषध देताना चिठ्ठी वाचते, मग पेशंटकडं बघते, मग परत चिठ्ठी वाचते.

आम्ही मिरजेजवळच्या बेडगचे, घरी द्राक्षबाग आहे, मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. माझ्या धाकट्या भावाला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला पहिली फिट आली. बागेत औषध फवारणी चालू होती, त्यामुळं औषध चढलं असंच सगळ्यांना वाटलं. दुसरी घरात झोपेत आली तेव्हा मिरजेच्या न्यूरॉलॉजिस्टकडं गेलो. ईईजी, एमआरआय झालं आणि कार्बामॅझेपिन सुरू झालं. फोकल, म्हणजे मेंदूच्या एकाच भागातनं सुरू होणाऱ्या, फिटसाठी हे जुनं, खात्रीचं औषध आहे, डॉक्टरांनी दिलं त्यात वावगं काहीच नव्हतं.

पहिली स्ट्रिप या दुकानातनं घेतली तेव्हा वहिनींनी जे सांगितलं ते मला आजही तोंडपाठ आहे. "पहिले दोन महिने जपायचं. ताप आला, अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, डोळे लाल झाले, गळ्यापाशी गाठी लागल्या, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. उष्णता म्हणून घरी बसायचं नाही. आणि आपल्या मनानं गोळी बंदही करायची नाही, फिट उलटते." दोन मिनिटं लागली असतील. मागं रांग होती, तरी त्यांनी भावाकडनं ते सगळं परत म्हणवून घेतलं.

तिसरा आठवडा चालू असताना भावाला ताप आला. पहिल्या दिवशी नुसता ताप, दुसऱ्या दिवशी पाठीवर आणि छातीवर लाल पुरळ. आईचं म्हणणं गोवर असेल, कडुनिंबाचा पाला टाकून अंघोळ घालू. वडील मेडिकलला गेले, पॅरासिटामॉल आणि खाजेची गोळी मागितली. वहिनींनी खाजेची गोळी दिली नाही. "पोराचा चेहरा सुजलाय का?" असं विचारलं. सुजला होता, डोळ्यांभोवती. "काका, आता गाडी काढा. माझ्याकडनं गोळी नेली तर दोन दिवस वाया जातील." आणि वडील दारात असतानाच डॉक्टरांच्या रिसेप्शनला फोन लावून त्यांनी सांगून ठेवलं की पेशंट येतोय, कार्बामॅझेपिनचा तिसरा आठवडा आहे.

रक्त तपासलं तर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या, एसजीपीटी चढलेलं, म्हणजे यकृतालाही झळ लागलेली. निदान झालं ड्रेस. औषधाच्या विरोधात शरीराची प्रतिकार यंत्रणाच खवळते आणि त्वचेबरोबर यकृत, मूत्रपिंड, कधी हृदय अशा आतल्या अवयवांवरही चालून जाते, असा हा आजार. तो क्वचित होतो, पण झाला तर 10 टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. कार्बामॅझेपिन तिथल्या तिथं थांबलं, त्याच्या जागी दुसरी औषधं आली, स्टेरॉइड सुरू झालं आणि ते पुढं हळूहळू कमी करत आणलं. भाऊ वाचला. डॉक्टरांनी वाचवला हे खरंच, पण त्यांच्यापर्यंत तो वेळेत पोचला तो या काउंटरमुळं.

इथं मला जरा थांबून सांगायचंय, कारण आमच्याकडं सर्रास म्हणतात की फिटच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. पुष्कळ जण याच भीतीनं गोळ्या सोडतात आणि मग विहिरीच्या काठावर, चुलीपाशी, मोटरसायकलवर फिट येऊन जीव गमावतात. भावाचं प्रकरण झाल्यावर मी जे वाचलं आणि वहिनींशी बोलून जे समजून घेतलं त्यातनं एवढं कळलं की गोष्ट इतकी सरळ नाही. बहुसंख्य लोकांमध्ये या गोळ्या प्रतिकारशक्तीला जाणवण्यासारखं काहीही करत नाहीत. थोड्यांमध्ये ती एखाद्या बाजूनं थोडी उणी पडते. आणि अगदी थोड्यांमध्ये, माझ्या भावासारख्यांमध्ये, ती उणी पडत नाही, उलट चवताळते. या तिन्हींना एकच नाव दिलं की माणूस चुकीच्या वेळी घाबरतो आणि खऱ्या वेळी निवांत राहतो.

चवताळणं कसं होतं त्याचा मोठा उलगडा तैवानमधनं आला. 2004 मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की कार्बामॅझेपिनमुळं स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे कातडी आणि तोंडाचं आतलं अस्तर सोलून निघणारा भयंकर प्रकार, झालेल्या त्यांच्या 44 च्या 44 रुग्णांमध्ये एचएलए-बी 1502 हा जनुकाचा एक प्रकार होता. औषध त्रासाविना पचवलेल्यांमध्ये तो फक्त 3 टक्क्यांत. एचएलए ही प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर असतात आणि प्रतिकार यंत्रणेतल्या टी पेशींना दाखवतात की आत काय चाललंय. या विशिष्ट प्रकाराच्या प्रथिनाला कार्बामॅझेपिन चिकटतं आणि टी पेशींना स्वतःचीच पेशी परकी वाटायला लागते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, 2007 मध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी आधी ही तपासणी करण्याची सूचना घातली. पुढं तैवाननं 23 दवाखान्यांत 4877 जणांची आधी तपासणी केली, ज्यांच्यात जनुक सापडला त्या 7.7 टक्के लोकांना दुसरं औषध दिलं. एरवी दहाएक जणांना हा आजार झाला असता, तिथं एकालाही झाला नाही. 2011 साली तो अभ्यास छापून आला. मी तो वर्गात मुलांना सांगते, कारण पुस्तकातलं विज्ञान माणूस कसा वाचवतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

भारतात हा जनुक सरासरी 2 ते 4 टक्के लोकांत असतो, काही समाजांत जास्त. पण माझ्या भावाला झालेला ड्रेस हा वेगळा प्रकार, त्याचा धागा मुख्यतः दुसऱ्याच एका एचएलए प्रकाराशी जोडला गेलाय. म्हणजे 1502 ची तपासणी केली असती आणि ती निगेटिव्ह आली असती तरी आम्हाला सावध राहावं लागलंच असतं. वहिनी हेच सांगतात, "तपासणी जरूर करा, पण रिपोर्ट बघून डोळे मिटू नका."

आता त्या दुकानानं केलेली दुसरी मोठी गोष्ट. भाऊ बरा झाल्यावर वहिनींनी एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद घेतला, त्यावर मोठ्या मराठी आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं: कार्बामॅझेपिनमुळं ड्रेस झालेला आहे, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिन आणि लॅमोट्रिजिन डॉक्टरांनी पूर्ण विचार केल्याशिवाय देऊ नये. त्याला प्लॅस्टिक लावून दिलं. पैसे घेतले नाहीत. ही सगळी फिटचीच औषधं, रचनेनं एका घराण्यातली, सगळ्यांत बेंझिनसारखं कडं असतं. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन या जुन्या तीन औषधांपैकी एकानं अशी प्रतिक्रिया दिली तर दुसऱ्यानंही ती येण्याची शक्यता वेगवेगळ्या अभ्यासांत 40 पासून 80 टक्क्यांपर्यंत निघालीय.

वर्षभरानं भाऊ एका लग्नाला परगावी गेला, जागरण झालं, गोळी चुकली आणि फिट आली. तिथल्या एका दवाखान्यात नेलं. घाईगर्दी, कार्ड बॅगेत, बॅग मुक्कामाच्या खोलीवर. शुद्धीवर आल्यावर चिठ्ठी मिळाली आणि औषध मिरजेतच घेऊ म्हणून तो परत आला. चिठ्ठीवर कंपनीचं नाव होतं, आम्हाला त्यावरनं काही कळलं नसतं. वहिनींनी बघताक्षणी ओळखलं की हे फेनिटॉइन आहे. बॉक्स काढून बारीक अक्षरातली रचना माझ्यासमोर धरली, आमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन केला, आणि ते औषध आम्हाला दिलंच नाही. दुकानदारानं आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं पाठवणं ही साधी गोष्ट नाही. त्यांनी ते दोनदा केलंय, दोन्ही वेळा आमच्या बाबतीत.

सध्या भाऊ लिव्हेटिरासेटमवर आहे. ते त्या कड्याच्या घराण्यातलं नाही. पण निर्धास्त राहण्यासारखंही कुठलंच औषध नसतं. नोव्हेंबर 2023 मध्ये एफडीएनं लिव्हेटिरासेटम आणि क्लोबाझाम या फिटच्या दोन्ही औषधांबद्दल ड्रेसचा इशारा दिला. प्रमाण फार कमी, पण आहे. तो इशारा आला त्याच्या पुढच्याच खेपेला वहिनींनी आम्हाला सांगितलं, "घाबरवत नाही, पण तुमच्या घरात हे एकदा झालंय म्हणून माहीत असावं." भावाला पहिले काही महिने विनाकारण राग यायचा, घरात भांडी आपटायची वेळ यायची, हा याच गोळीचा नेहमीचा गुण. तेही त्यांनी आधी सांगून ठेवल्यामुळं आईनं ते मनाला लावून घेतलं नाही.

दुकानात उभं राहिलं की दुसऱ्यांचंही कानावर पडतं. कुणाची ओळख लागणार नाही अशा बेतानं दोन-तीन गोष्टी सांगते, कारण त्यांतनं विषय जास्त कळतो.

एक आजोबा वर्षानुवर्षं फेनिटॉइनवर आहेत. हिरड्या सुजून दातांवर आलेल्या, ते त्या औषधाचं प्रसिद्धच लक्षण. पण त्यांना वरचेवर सर्दी-कफही व्हायचा. वहिनींनी त्यांच्या मुलाला सुचवलं की डॉक्टरांना आयजीए तपासायचं का ते विचारा. आयजीए हे नाक, घसा, आतडी इथं पहारा देणारं प्रतिद्रव्य. फेनिटॉइन घेणाऱ्या काही जणांत ते कमी होतं. बहुतेकांना त्याचा त्रासही होत नाही, पण छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा व्हायला लागला तर बघायला हवं. याच आजोबांना पुढं टीबी निघाला तेव्हा दुकानानं आणखी जपून वागायला लावलं, कारण टीबीच्या गोळ्यांतली रिफॅम्पिसिन फेनिटॉइनची रक्तातली पातळी खाली ओढते आणि आयसोनियाझिड ती वर चढवते. दोन्ही एकत्र चालू असताना पातळी तपासल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

एक बाई कार्बामॅझेपिनवर होत्या, सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी थोड्या कमी आल्या आणि त्या घाबरून गोळी बंद करायला निघाल्या. वहिनींनी त्यांना स्टुलावर बसवलं. या औषधावर साधारण 10 टक्के लोकांत पांढऱ्या पेशी काही काळ थोड्या उतरतात आणि बहुतेकांच्या पुन्हा वर येतात. रक्त तयार करणारी हाडांतली मज्जाच काम सोडून देते असा प्रकार लाखांत एखादा. डॉक्टर नुसता आकडा बघत नाहीत, तो किती घसरला, ताप आहे का, घसा दुखतोय का, हे बघतात. बाई रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं गेल्या, गोळी चालू राहिली. व्हॅल्प्रोएट या फिटच्या दुसऱ्या औषधावर असणाऱ्यांना वहिनी वेगळं विचारतात: दात घासताना रक्त येतंय का, मुका मार न लागता काळे-निळे डाग उठतात का. कारण तिथं घसरतात त्या बहुधा प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. जास्त डोसला जास्त.

आणि एक लहान बाळ, झोपेतनं उठताना झटके मारायचं, वेस्ट सिंड्रोम नावाचा तान्ह्या बाळांतला फिटचा आजार. त्याला एसीटीएचची, म्हणजे शरीराला स्टेरॉइड तयार करायला लावणाऱ्या हार्मोनची, इंजेक्शनं सुरू होणार होती. इथं मात्र 'प्रतिकारशक्ती कमी होते' हे शब्दशः खरं आहे. एसीटीएच आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ही औषधं तेवढा काळ ती खरोखर दाबून टाकतात. वहिनींनी आईला पहिलं सांगितलं की गोवर-रुबेलासारख्या जिवंत लशीची तारीख जवळ असेल तर बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि घरात कुणाला खोकला-ताप असेल तर बाळापासून लांब ठेवा. बाकी फिटवाल्यांच्या मात्र वहिनी लस घ्या म्हणून मागं लागतात. कोविडच्या वेळी कितीतरी जण लस घेऊ का नको म्हणून काउंटरला यायचे. "घ्या. अंग तापलं तर काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि रोजची गोळी चुकवू नका." भावानं घेतली, त्याला काही झालं नाही.

मला या दुकानाचं सगळ्यांत जास्त काय आवडतं, तर काउंटरवर 'इम्युनिटी वाढवा' लिहिलेले डबे मांडून ठेवलेले नाहीत. कोविडनंतर प्रत्येक मेडिकलमध्ये पावडरी, काढे, गोळ्यांची रास दिसते आणि नफाही त्यातच जास्त. इथं कुणी फिटवाल्या माणसासाठी गुळवेलाच्या गोळ्या मागितल्या तर वहिनी आधी चालू औषधं विचारतात. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. पण ज्याची औषधं यकृतातनंच जातात आणि ज्याचं यकृत एकदा दुखावलंय, त्यानं असल्या वादाचा निकाल स्वतःच्या अंगावर लावून बघू नये, हे त्यांचं मत मला पूर्ण पटतं. त्याऐवजी ड जीवनसत्त्व तपासलं का असं त्या विचारतात, कारण फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधं ते शरीरातनं लवकर संपवतात.

अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवरही त्यांची नजर असते. सर्दी-खोकल्याला कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं आणि पेशंट कार्बामॅझेपिनवर असला तर औषध वाढून चक्कर, डबल दिसणं सुरू होतं. सिप्रोफ्लॉक्सासिननं फिटचा उंबरा खाली येतो, म्हणजे फिट सहज येते. दुखण्याला ट्रामाडॉल, तेच. म्हणून या दुकानात नियमित गिऱ्हाइकाची वही आहे, लाल कव्हरची, नावापुढं चालू औषधं आणि ॲलर्जी. संगणक आहे, पण वही जास्त चालते. कंपनीही बदलत नाहीत. ज्या कंपनीची गोळी चालू आहे तीच मागवून ठेवतात, संपत आली की फोन करतात. चालू फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे ठेवतात आणि तो कसा मारायचा ते रिकाम्या बाटलीवर करून दाखवतात. आमच्या भावकीत अजून चप्पल हुंगवणारे लोक आहेत, त्यांतल्या एका चुलत्यांना मी मुद्दाम इथं आणून हे दाखवलं.

उणं सांगायचं तर तेही आहे. दुपारी दीड ते साडेचार दुकान बंद, आणि बाहेरगावच्या पेशंटची तपासणी नेमकी त्याच वेळी संपते. आमच्यासारख्यांना बस सोडून थांबावं लागतं. रविवारी काका एकटे असतात, त्यांना औषधं पाठ आहेत, पण सल्ला ते देत नाहीत, "सून आली की विचारा" म्हणतात, ते प्रामाणिक आहे पण अडचणीचं. सवलत ऑनलाइनपेक्षा कमी. घरपोच नाही. बसायला एकच स्टूल, आणि गाडी लावायला जागा नाही. बायकांना पाळीबद्दल, गरोदरपणाबद्दल विचारायचं असेल तर आडोसा नाही, सगळं काउंटरवरच बोलावं लागतं. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या तरुण मुलींना तर हे बोलणं फार गरजेचं असतं. आत गोडाऊनशेजारी जागा आहे, तिथं पडदा लावून दोन खुर्च्या टाका, असं मी काकांना दोनदा सांगितलंय आणि इथंही लिहिते.

पाच तारे असते तर साडेचार. अर्धा तारा त्या पडद्यासाठी राखून ठेवलाय.

जाणाऱ्यांसाठी: सोमवार आणि गुरुवार टाळा, कर्नाटकातल्या गाड्या त्या दिवशी जास्त येतात (वहिनींना कन्नड येतं, त्यामुळं तिकडचे लोक इथंच थांबतात). सकाळी अकराच्या आत गेलात तर निवांत बोलता येईल. नवीन फिटची गोळी सुरू होणार असेल तर जुनी रिकामी स्ट्रिप, शेवटची सीबीसी आणि एलएफटीचे (यकृताच्या तपासणीचे) रिपोर्ट, आणि पूर्वी कुठल्याही औषधानं पुरळ उठलं असेल तर त्याचं नाव, एवढं बरोबर न्या. नाव आठवत नसेल तर निदान कुठल्या साली आणि कुठल्या दवाखान्यात उठलं ते सांगा. तेवढ्यावरनंही वहिनी फोन करून शोधून काढतात.